जरा डावीकडून बघा

मालवाहू विमानाच्या खिडकीतून बंदुका बाहेर काढल्या, एवढ्याने ते लढाऊ होतं का? व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी हवाई दलात या प्रश्नावरून चांगलीच धुसफूस झाली. त्यांनी आपल्या म्हाताऱ्या डाकोटा विमानांच्या डाव्या अंगाला तीन-तीन मशीनगन बसवल्या आणि कागदोपत्री नाव ठेवलं एफसी-४७. यातला एफ फायटरचा. झालं, जेट उडवणारी मंडळी बिथरली. आवाजाच्या वेगाला मागे टाकणारी आपली विमानं कुठे आणि ताशी सव्वादोनशे किलोमीटरने रमतगमत जाणारं हे पोती वाहणारं विमान कुठे, आणि दोघांच्या नावात अक्षर मात्र तेच? शेवटी एफ पुसून तिथे ए लिहिला गेला. ए म्हणजे अटॅक. फायटरवाल्यांची अब्रू राहिली, विमान एसी-४७ झालं. डाकोटाला त्याचं विशेष काही वाटलं नसावं. १९३५ साली पहिल्यांदा उडालेल्या त्या विमानाला डीसी-३, सी-४७, स्कायट्रेन अशी बरीच नावं ठेवून झाली होती. आपल्याकडे रुळलं ते ब्रिटिशांनी ठेवलेलं, डाकोटा.

या एसी-४७ चं एक किट सध्या आमच्या जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग अडवून बसलं आहे. मोनोग्रॅम कंपनीचं, १:४८ मापाचं, म्हणजे खऱ्या विमानाचे चार फूट इथे एक इंच. किट घरी येतं तेव्हा सगळं विमान डब्यात आडवं झोपलेलं असतं, त्यामुळे ‘छोटंसंच आहे’ हे वाक्य खपून जातं. खऱ्या डाकोटाच्या पंखांचा पसारा साडेपंचाण्णव फूट. त्याला अठ्ठेचाळीसने भागलं की जवळजवळ दोन फूट येतात, हा भागाकार त्या वेळी घरात कुणी करत नाही. पंख जोडून झाले की मात्र सगळ्यांचंच गणित सुधारतं. ‘अहो, मग पोळ्या कुठे लाटायच्या?’ असा प्रश्न आला की भागाकार पूर्ण झाला असं समजावं.

स्केल या गोष्टीशी आपला संबंध तसा उशिराच येतो. आमचं मॉडेलिंगचं शिक्षण दिवाळीच्या किल्ल्यावर झालेलं. तिथे सिंहासनावरचे महाराज बुरुजापेक्षा उंच, पायथ्याशी बसलेला वाघ आणि पहाऱ्यावरचा मावळा एकाच मापाचे, आणि हळिवाचं गवत महादरवाजाच्या कमानीवरून चार बोटं वर. तळ्याकाठी एखादं प्लास्टिकचं हेलिकॉप्टरही उतरलेलं असायचं आणि शिवकालात हेलिकॉप्टर कसं, असं विचारायला कुणी यायचं नाही. परीक्षक आलेच तर चिवडा खाऊन, ‘छान आहे हो’ म्हणून जायचे. त्या उदार वातावरणात वाढलेला माणूस पुढे १:४८ च्या जगात येऊन पडतो तेव्हा त्याची गाठ वेगळ्याच परीक्षकांशी पडते.

आमच्या ओळखीच्या मॉडेलवाल्यांमध्ये असेच एक गृहस्थ आहेत. बँकेतून निवृत्त, स्वभावाने गरीब, पण हातात भिंग आलं की बदलतात. कुणी नवं विमान करून आणलं की ते सर्वांत आधी त्याला उलटं करतात. पोटाकडची जी बाजू टेबलाखेरीज कुणालाही दिसणार नाही, तिथला सांधा त्यांना बघायचा असतो. मग गुणाकार सुरू होतो. सगळ्याला अठ्ठेचाळीसने गुणायचं.

‘ही प्लास्टिकची भिंत किती जाडीची? दीड मिलिमीटर. म्हणजे खऱ्या मापात सात सेंटिमीटर. खऱ्या डाकोटाचा पत्रा मिलिमीटरच्या आसपास असतो. तुम्ही विमान केलेलं नाही, रणगाडा केलाय.’

मग रंगात उमटलेला अंगठ्याचा ठसा. ठसा दोन सेंटिमीटर, गुणिले अठ्ठेचाळीस, जवळपास मीटरभर. एवढ्या अंगठ्याचा मेकॅनिक अमेरिकी हवाई दलात असल्याची नोंद नाही, असं ते गंभीरपणे सांगतात. रंगाखाली चार इंचांचा केस अडकलेला असला तर तो त्यांच्या हिशेबाने सोळा फुटी अजगर असतो. सगळ्यात शेवटी ते बंदुकांकडे वळतात. या विमानाच्या मिनीगनला प्रत्येकी सहा नळ्या, नळीचं भोक ७.६२ मिलिमीटर. त्याला अठ्ठेचाळीसने भागलं की एकशतांश मिलिमीटरच्या सोळा पट उरतात, म्हणजे दोन केस शेजारी शेजारी ठेवले एवढी रुंदी. ‘पाडली का भोकं?’ असं ते विचारतात. तीन बंदुका, अठरा भोकं. एवढा बारीक ड्रिल हातात धरला की आपल्याच नाडीचे ठोके त्याच्या टोकावर दिसतात. म्हणून काही सुखवस्तू लोक पितळेच्या तयार नळ्या वेगळ्या मागवतात. त्या विमानापेक्षा महाग पडतात, पण गृहस्थांसमोर मान ताठ ठेवता येते.

आता गंमत अशी, की ज्या विमानावर हे गुणाकार-भागाकार चालतात ते विमान मुळात कसं झालं? इक्वेडोरच्या जंगलात नेट सेंट नावाचा एक मिशनरी वैमानिक होता. धावपट्टी नसेल तिथे सामान पोचवायचं तर तो विमानातून लांब दोरीला बादली बांधून खाली सोडायचा आणि वर गोल घिरट्या घालत राहायचा. घिरटी नीट जमली की खाली बादली जवळजवळ जागच्या जागी उभी राहते. लोक सामान काढून घ्यायचे, उलट काही पाठवायचं असेल तर बादलीत टाकायचे. नेट सेंट १९५६ साली त्याच जंगलात मारला गेला. त्याची बादली मात्र अमेरिकेत काही लोकांच्या डोक्यात राहिली. घिरट्या घालणाऱ्या विमानातून दोरी एका जागी टेकते, तर त्याच वाटेने गोळ्या का नाही टेकणार? पुढे लष्करी विमानांवर याच्या चाचण्या झाल्या, तेव्हा सुरुवातीला नेम धरायचं यंत्र म्हणजे डाव्या काचेवर ग्रीस पेन्सिलीने केलेली खूण होती. कॅप्टन रॉन टेरी यांनी ही कल्पना वरिष्ठांच्या गळी उतरवली आणि डिसेंबर १९६४ मध्ये दक्षिण व्हिएतनाममधल्या बिएन होआच्या तळावरून बंदुकवाली डाकोटा प्रत्यक्ष लढाईवर गेली. वैमानिकाने विमान डावीकडे कलवून गोल फिरवायचं, डाव्या खिडकीशी लावलेल्या दर्शिकेतून खाली बघायचं आणि चाकावरचं बटण दाबायचं. तिन्ही बंदुका मागे, सामानाच्या खोलीत. वैमानिकाला त्या दिसतही नाहीत.

पुढे मिनीगनचा तुटवडा पडला. तेव्हा काही विमानांवर ३० कॅलिबरच्या जुन्या ब्राउनिंग मशीनगन दहा-दहा ठोकून दिल्या. होत्या त्या खिडक्या, होत्या त्या बंदुका, होतं ते विमान. म्हणजे सगळा मामला मिळेल ते मिळेल तिथे बसवण्याचा. आणि साठ वर्षांनंतर इकडे आमचे गृहस्थ भिंगातून बघून म्हणतात, ‘मधल्या बंदुकीचा स्टँड अर्धा मिलिमीटर पुढे सरकलाय.’ बिएन होआला ज्याने तो हातोड्याने ठोकला असेल त्याला हे वाक्य ऐकवायला पाहिजे होतं.

किटमध्ये आतली खोली सगळी दिलेली आहे. जमिनीवरच्या पट्ट्या, भिंतीच्या फासळ्या, तीन बंदुका, त्यांच्यामागचे गोळ्यांचे गोल डबे. हे सगळं आधी रंगवायचं. आतला रंग हिरवट पिवळा, बंदुका काळ्या, त्यांच्या कडांना कोरड्या ब्रशने चंदेरी रंग फिरवायचा म्हणजे धातू घासल्यासारखा वाटतो. पुढे वैमानिकांच्या खोलीत आसनं, आसनांना पट्टे, पट्ट्यांना बकल. बकल चिमट्यात धरून लावताना श्वास सोडायचा नाही, कारण सोडला तर बकल जातं. हे सगळं मनासारखं झालं की विमानाच्या अंगाचे दोन अर्धे भाग एकमेकांवर ठेवायचे आणि चिकटवून टाकायचे. झालं. आता आत काय आहे हे जगात फक्त एका माणसाला माहीत. डाव्या दाराच्या फटीतून बॅटरी मारली आणि मान एका विशिष्ट कोनात वळवली तर मागच्या बंदुकीचा डबा अर्धा दिसतो. पाहुणे एवढी मान वळवत नाहीत. आसनांचे पट्टे तर कायमचे काळोखात गेले. ‘मग केलेत कशाला?’ या प्रश्नाला मॉडेलवाल्यांकडे उत्तर नाही आणि त्यांना ते असावं असं वाटतही नाही.

चिकटवण्याचा भाग मात्र बघण्यासारखा असतो. याला लोक गोंद म्हणतात, पण तो गोंद नव्हे. पाण्यासारखं पातळ, झोंबऱ्या वासाचं द्रावण असतं आणि ते प्लास्टिक विरघळवतं. दोन्ही अर्धे बोटांत घट्ट धरायचे, बाटलीच्या झाकणातला बारीक ब्रश सांध्याला एका जागी नुसता टेकवायचा. थेंब आपोआप फटीतून धावत सुटतो. डोळ्यांसमोर एक ओली चमक सांध्यावरून शेपटापर्यंत जाते आणि विझते. मग थोडा दाब द्यायचा. सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकचा एक बारीक, गुळगुळीत काठ वर येतो, सबंध लांबीभर. तो आला की सांधा जमला. आता हात लावायचा नाही. सकाळपर्यंत दोन्ही भाग एक झालेले असतात आणि तो काठ पॉलिश पेपरने उतरवायचा. वाईट एवढंच, की या जुन्या साच्याच्या किटवर पत्र्याचे सांधे आणि रिव्हेट उठावाचे आहेत. काठ घासताना शेजारच्या रिव्हेटही घासल्या जातात. मग काहीजण सुईने एकेक रिव्हेट पुन्हा घालतात. अशा माणसांच्या घरी शांतता असते, किंवा दुसरं कुणी राहत नसतं.

पंख जिथे अंगाला मिळतात तिथे फट राहतेच. तिथे लांबी भरायची, वाळली की घासायची, पुन्हा भरायची. घरात रंगारी काम करून गेले तेव्हा मी हा विषय त्यांच्यापैकी एकाशी काढला होता. त्याने पंखावरून बोट फिरवलं, म्हणाला, ‘साहेब, पत्रा मारायला घाई झाली तुमची,’ आणि खिशातून आपला पॉलिश पेपर काढून दिला. तो पेपर मी अजून जपून वापरतो.

किटमधले बारीक भाग ही वेगळीच जमात आहे. ते कटरने कापताना उडतात. टिक् असा आवाज होतो आणि भाग डोळ्यांदेखत हवेत विरघळतो. फरशीवर पडल्याचा आवाज येत नाही. मग कर्ता पुरुष टॉर्च घेऊन टेबलाखाली पालथा पडतो. मुलं शाळेत असतात तेव्हा हे बरं दिसतं. आमच्याकडे मात्र हे काम मावशींनी स्वतःहून आपल्याकडे घेतलं. झाडू मारताना सुपलीत काय आलंय ते त्या पाहतात आणि खिडकीतल्या एका वाटीत जमा करतात. त्या वाटीत एखादं बटण, तुरीची डाळ, कानातल्याचं मळसूत्र आणि अँटेनाचा दांडा असे सगळे गुण्यागोविंदाने नांदतात. शोधण्याचं त्यांचं कसब आमच्यापेक्षा कितीतरी वरचं. एकदा सकाळी दारातूनच हाक आली, ‘दादा, तुमचं इमान सांडलंय सोफ्याखाली.’ बाहेर शेजारचे पेपर घ्यायला आले होते. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून तशीच आहे.

रंगांच्या बाबतीत मॉडेलवाला डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. अमेरिकी सरकारने रंगांना पाच आकडी नंबर दिले होते. पहिला आकडा तीन असेल तर रंग मॅट. दुसरा आकडा रंगाची जात सांगतो, चार म्हणजे हिरवा, शून्य म्हणजे तपकिरी. व्हिएतनामच्या छद्मरंगाला ३४०७९ हा गडद हिरवा, ३४१०२ हा मध्यम हिरवा आणि ३०२१९ हा मातकट. हे विमान रात्रपाळीचं, म्हणून याचं पोट बऱ्याचदा काळं. हे नंबर पाठ असलेल्या माणसाला बायकोच्या साडीचा रंग विचारा, तो ‘हिरवी होती बहुतेक’ म्हणेल. आमच्याकडे एकदा टेबलावर दोन्ही हिरव्या रंगांच्या बाटल्या शेजारी ठेवल्या होत्या. ‘ही शेवाळी आणि ही मेंदी,’ असा निर्णय स्वयंपाकघरातून जाता जाता मिळाला, तोही चष्मा न लावता. सरकारी नंबर बघितले तर फरक बरोबर तेवढाच निघाला. खरं तर उन्हात उभं राहून, धूळ खाऊन आणि हाताला येईल त्या डब्यातून डागडुजी होऊन प्रत्यक्ष तळावरची विमानं नंबराबाहेर केव्हाच गेलेली असायची. पण हे कबूल केलं तर भांडायला काय उरतं?

रंग एकदा सुंदर, एकसारखा, डाग नसलेला बसला की पुढची पायरी म्हणजे तो घाण करणं. याला वेदरिंग म्हणतात. इंजिनांमागे तेलाचे ओघळ काढायचे. बंदुकांच्या तोंडांमागे अंगावर काजळी धरायची. चाकांवर आणि पोटावर तिथल्या तळांची तांबडी धूळ उडवायची. धुळीसाठी परदेशी पुड्या मिळतात, बाटलीवर ‘व्हिएतनाम अर्थ’ वगैरे लिहिलेलं असतं. गच्चीवर कुंड्यांना लावून उरलेला गेरू खलून, मऊ ब्रशने चाकांवर झटकला तर तोच परिणाम येतो. गृहस्थांनी भिंग लावून बघितलं आणि पहिल्यांदाच समाधानाने मान हलवली. ‘कुठल्या कंपनीची आहे?’ असं विचारलं. मी ‘इंपोर्टेड’ म्हणालो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तो कुठून तरी आयात केलाच असेल.

मध्येच कधीतरी, दार उघडं असलेल्या भागात रंग भरताना, हात जरा थांबतो. एक मिनीगन मिनिटाला सहा हजार गोळ्या टाकू शकत असे. तिन्ही चालू झाल्या की सेकंदाला तीनशे. तळावरच्या सैनिकांनी या विमानाला मुलांच्या गाण्यातल्या एका ड्रॅगनचं लाडाचं नाव दिलं होतं, कारण रात्री आकाशातून लाल रेघ खाली उतरताना आणि तो घर्रर्र आवाज येताना त्यांना हायसं वाटायचं. ज्यांच्या दिशेने ती रेघ उतरायची त्यांनीही या विमानाला नाव दिलंच असणार, लाडाचं नसणार. डब्यावरच्या चित्रात ती लाल रेघ फार देखणी काढतात. ती जिथे टेकते तो कोपरा चित्राच्या चौकटीबाहेर राहतो.

किटमधल्या त्याच दाराशी प्रकाशाच्या फ्लेअर ठेवायच्या असतात. खऱ्या फ्लेअर तीन फुटांच्या, इथे पाऊण इंचाच्या. पेटल्या की वीस लाख मेणबत्त्यांचा उजेड, पॅराशूटला लटकत तीनेक मिनिटं. २४ फेब्रुवारी १९६९ च्या रात्री अशाच एका विमानाच्या उजव्या पंखावर उखळी तोफेचा गोळा फुटला. आत सगळे जखमी, एक चेतवलेली फ्लेअर गोळ्यांच्या डब्यांमध्ये गडगडत होती. जॉन लेव्हिटो हा तेवीस वर्षांचा लोडमास्टर, पाठीत आणि पायांत चाळीसहून जास्त जखमा, उजवा पाय अर्धवट बधिर. तो त्या फ्लेअरवर पालथा पडला, तिला कवटाळून दारापर्यंत सरपटत गेला आणि तिला बाहेर ढकललं. ती बाहेर पडताच पेटली. त्याला पुढे मेडल ऑफ ऑनर मिळालं. त्या पाऊण इंची नळ्या मात्र मला गृहस्थांच्या भिंगाखाली ठेवायला आवडत नाहीत. ते त्यांची लांबी मोजतील.

आपल्याकडे डाकोटाच्या खिडकीत बंदुका आल्या नाहीत, तरी युद्ध तिने पुष्कळ पाहिलं. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख पलटणीचे जवान श्रीनगरला उतरले ते डाकोटातूनच. तशीच एक पुन्हा उडती केलेली डाकोटा ‘परशुराम’ नावाने २०१८ साली हवाई दलात दाखल झाली. ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशात तंगाईलला २ पॅरा, म्हणजे आपल्या मराठ्यांच्या परंपरेतली पलटण, छत्र्या घेऊन उतरली, तेव्हा आकाशात डाकोटा होत्या आणि पॅकेट नावाची मालवाहू विमानंही. या पॅकेटचीही अमेरिकेने बंदुकवाली आवृत्ती केली, तिचं नाव एसी-११९. तिचं किट माझ्या कपाटात आहे. कपाटात आणखीही आहेत, त्यांची संख्या घरात कुणाला माहीत नाही आणि ती तशीच राहावी हे बरं. कुरिअरवाला दुपारी फोन करतो तेव्हा मी त्याला खालीच थांबायला सांगतो. कस्टमने डबा उघडून पाहिला तर आत बंदुकांच्या नळ्या सापडतात, पितळेच्या, दोन केसांएवढ्या. त्यावर काय कर लावायचा याची चर्चा आठवडाभर चालते.

विमान झालं की ते ठेवायचं कुठे हा वेगळाच प्रश्न. एसी-४७ ची अडचण अशी, की त्याचं सगळं सोंग डाव्या बाजूला. उजवीकडून ते निव्वळ मालवाहू डाकोटा दिसतं. म्हणून शोकेसमध्ये डावा भाग खोलीकडे करून ठेवलं. त्यावर वास्तू कळणाऱ्या एका नातेवाइकांनी सांगितलं, की तीन बंदुका थेट मुख्य दाराकडे रोखलेल्या आहेत, घरात येणारी लक्ष्मी कशी येईल? दुसऱ्या दिवशी विमान फिरलेलं होतं. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला उजवी बाजू दिसते आणि मला दर वेळी ‘जरा डावीकडून बघा’ असं सांगत मागे धावावं लागतं.

परवा वरच्या मजल्यावरचे काका आले होते. ऐंशीच्या पुढचे आहेत. चहा होईपर्यंत शोकेससमोर उभे राहिले आणि म्हणाले, ‘अरे, हे डाकोटा ना? बसलोय मी यात.’

मी बाकी सगळं सोडून खुर्ची पुढे केली. लहानपणी वडिलांबरोबर मुंबईहून नागपूरला गेले होते म्हणे. आणि ते खरंच असणार. १९४९ पासून रात्रीच्या टपालाची विमानं मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघून मध्यरात्री नागपूरला एकत्र जमायची, पत्रांची पोती बदलायची आणि पहाटे आपापल्या गावी परत जायची. सुरुवातीला ही पाळी डाकोटाच करायच्या आणि पोत्यांबरोबर माणसंही न्यायच्या. काकांना उलटी झालेली आठवत होती, पोती आठवत होती, कापसाचे बोळे आणि पेपरमिंटच्या गोळ्या आठवत होत्या. मी शोकेस उघडून विमान बाहेर काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. अर्थातच डावी बाजू पुढे करून, आणि ती एरवी नातेवाइकांमुळे का दिसत नाही हे सांगत.

काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘खिडकीतनं हे काय बाहेर आलंय?’

‘मिनीगन, काका.’

‘आमच्या वेळी पडदे होते,’ काका म्हणाले. ‘मी इथे बसलो होतो बघ, बरोबर इथे,’ आणि त्यांनी दुसऱ्या खिडकीवर बोट ठेवलं.

बोट मागे आलं तेव्हा पितळेची नळी त्याच्या टोकाला चिकटलेली होती. काकांनी ती उजेडात धरली, चष्मा वर सरकवला आणि माझ्या तळहातावर ठेवली. ‘याला फेविक्विक लाव,’ ते म्हणाले, ‘आणि त्या नातेवाइकांचं ऐक. खिडक्यांना पडदेच बरे.’